एका वाक्याने महापौर पडतो का? बोस्टन, १९४९

प्रश्न असा आला आहे: "बोस्टनच्या १९४९ च्या महापौर निवडणुकीबद्दल कुठेही वाचलं तरी एकच गोष्ट सापडते. तुरुंगातून परतलेला महापौर जेम्स मायकल कर्ली पत्रकारांसमोर एक वाक्य बोलून गेला, त्याने जॉन हाइन्स नावाचा पालिकेतला अधिकारी दुखावला, तो विरोधात उभा राहिला आणि कर्ली पडला. खरंच एका वाक्याने एवढी निवडणूक जाते का? राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी हवं आहे."

थोडक्यात उत्तर: त्या वाक्याने कर्लीसमोर उमेदवार उभा केला, आणि तो उमेदवार विरोधकांसाठी भलताच सोयीचा निघाला. पुढचं काम आकड्यांनी केलं. माझं सगळं आयुष्य महापालिका-नगरपरिषदांच्या निवडणुकांत, प्रभागाच्या याद्या चाळण्यात गेलं. त्यामुळे मला किस्स्याआधी बेरीज दिसते. पण कर्लीचे किस्से इतके झकास आहेत की ते वगळले तर तो लोकांना का आवडायचा हेच कळणार नाही. म्हणून आधी तो माणूस.

कर्ली १८७४ साली बोस्टनच्या रॉक्सबरी भागात जन्मला. आईवडील आयर्लंडच्या गॉलवेहून आलेले, वडील तो लहान असतानाच वारले. १९०४ मध्ये तो पहिल्यांदा तुरुंगात गेला. गुन्हा काय? आपल्या भागातल्या एका माणसाच्या नावाने टपाल खात्याच्या नोकरीची परीक्षा हा देऊन आला. दुसरा एखादा असता तर तोंड लपवत फिरला असता. याने उलट तीच गोष्ट मिरवली: गरिबाला नोकरी लागावी म्हणून केलं. आणि कोठडीत असतानाच नगरसभेवर निवडून आला! आपल्याकडे तुरुंगातून निवडून येणारे आहेतच, पण ज्या गुन्ह्यासाठी आत गेला त्याच गुन्ह्यावर मतं मागणारे कमी.

१९१४ मध्ये तो पहिल्यांदा महापौर झाला. त्यासाठी आधीचा महापौर जॉन फिट्झजेराल्ड याला त्याने मैदानातून हुसकावलं, तेही त्याच्या खासगी भानगडीवर जाहीर व्याख्यानं देण्याची धमकी देऊन. हा फिट्झजेराल्ड म्हणजे जॉन केनेडीचा आईकडचा आजोबा. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. महापौर झाल्यावर कर्लीने सिटी हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून फरशी पुसणाऱ्या बायकांना लांब दांड्याचे पोछे मिळवून दिले. बाईने गुडघे टेकावेत ते फक्त देवापुढे, असं तो म्हणाल्याचं सांगतात. खर्च किती आला असेल? नगण्य. पण त्या बायकांच्या घरातली मतं पिढीभर कुठे गेली असतील ते तुम्हीच ठरवा. नंतर इस्पितळ वाढवलं, समुद्रकाठची स्नानगृहं, बागा, रस्ते केले आणि या सगळ्यावर माणसं लावली. पैसा यायचा मालमत्ता करातून आणि कर्जातून. शहराच्या मध्यभागातल्या इमारतींवर कराचा बोजा जबर असायचा आणि मग सूट मागायला मालकाने सिटी हॉलचे जिने चढायचे. ती सूट कोणाला मिळते आणि कोणाला नाही, यात केवढं राजकारण असतं हे कर विभागात एकदा फेरी मारलेल्या कोणालाही समजेल.

इथे एक गैरसमज दूर करतो. कर्लीला पुस्तकांत 'पक्षयंत्रणेचा सम्राट' वगैरे म्हटलेलं असतं. शहरभर पसरलेली यंत्रणा त्याच्याकडे नव्हतीच. वेस्ट एंडचा मार्टिन लोमासनी यासारखे वॉर्डांचे जुने दादा त्याला पाण्यात पाहायचे. कर्लीकडे होता तो स्वतःचा गोतावळा, सभेतला आवाज आणि दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत न पाठवण्याची सवय. शहराच्या कारभाराचे नियम ठरवणारी १९०९ ची सनद आली तेव्हापासून बोस्टनच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसायचं. म्हणजे 'पक्षाची मतं' हा आधार कोणालाच नाही. प्रत्येक उमेदवार स्वतःच्या नावावर. अशा मैदानात नावाला फार वजन येतं, आणि शहरात कर्लीएवढं नाव कोणाचंच नव्हतं.

तरीही हा माणूस हरायचा खूप, हे विसरू नका. महापौरपदासाठी तो एकूण दहा वेळा उभा राहिला आणि चार वेळा जिंकला. १९२१ ला तीन हजारांच्या आतल्या फरकाने जिंकला. १९२९ ला निम्म्याहून जास्त मतं घेतली. १९३७ आणि १९४१ ला त्याच्याच तालमीत वाढलेल्या मॉरिस टोबिनने त्याला लागोपाठ दोनदा पाडलं. म्हणजे कर्लीविरुद्धची मतं शहरात कायमच भरपूर होती. ती किती ठिकाणी वाटली जातात यावर निकाल ठरायचा.

१९४५ ला ती व्यवस्थित वाटली गेली. सहा उमेदवार, एकच फेरी, ज्याला जास्त मतं तो महापौर. टोबिन राज्याचा गव्हर्नर होऊन निघून गेला होता, त्याच्या तोडीचं कोणी उरलं नव्हतं. कर्लीला मिळाली सुमारे १,१२,००० मतं, म्हणजे एकूण मतांच्या ४५ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरचा जॉन केरिगन साठ हजारांवर थांबला. त्या वेळी कर्लीवर आरोपपत्र दाखल झालेलं होतं. युद्धकाळात सरकारी कंत्राटं मिळवून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या एका कंपनीत त्याचं नाव होतं. लोकांना ते माहीत होतं. तरी निवडून दिलं.

पुढे दोषी ठरला. अपिलं संपली आणि जून १९४७ मध्ये पदावर असलेला महापौर कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात गेला. शिक्षा सहा ते अठरा महिन्यांची. न्यायालयात तो चाकांच्या खुर्चीत बसून आला होता, आजारांची यादी वाचून दाखवली गेली, पण न्यायाधीश बधले नाहीत. आता शहर कोण चालवणार? नियमाप्रमाणे परिषदेच्या अध्यक्षाकडे कारभार जायला हवा होता. पण कर्ली डेमोक्रॅट आणि गव्हर्नर रॉबर्ट ब्रॅडफर्ड रिपब्लिकन. त्याने विधिमंडळातून खास कायदा करून घेतला आणि तात्पुरता कारभार सोपवला सिटी क्लार्क जॉन हाइन्सकडे. सिटी क्लार्क म्हणजे आपल्याकडच्या नगरसचिवाच्या जवळपासचं पद. कर्ली परतला की हाइन्सने आपल्या जुन्या खुर्चीवर परत जायचं, हेही त्यातच ठरलेलं होतं.

ब्रॅडफर्डच्या या खेळीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मला विचाराल तर १९४९ चा निकाल निम्मा इथेच लागला. कारण शहराने पाच महिने एक गोष्ट पाहिली: कर्ली नाही, आणि तरी कचरा उचलला जातोय, पगार होतायत, फायलींवर सह्या होतायत. 'साहेब नसतील तर शहर बंद पडेल' ही समजूत हे अशा नेत्याचं मोठं भांडवल असतं. ते पाच महिन्यांत वितळलं, आणि हाइन्सने त्यासाठी एकही भाषण केलं नव्हतं.

कर्लीच्या सुटकेसाठी लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज फिरला. मॅसॅच्युसेट्सच्या डेमोक्रॅट खासदारांपैकी सही नाकारली ती तरुण केनेडीने. कर्लीने सोडलेल्या खासदारकीच्या जागेवरच तो १९४६ मध्ये निवडून आला होता. घरात आजोबांचा तो जुना हिशेब होता, हा योगायोग समजायचा की नाही हे तुमच्यावर सोडतो. अखेर राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने नोव्हेंबर १९४७ मध्ये शिक्षा कमी केली आणि कर्ली थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सुटला. स्वागताला बँड, गर्दी, सगळं. सिटी हॉलमधला पहिला दिवस संपताना तो पत्रकारांना म्हणाला की मी नसताना पाच महिन्यांत जेवढं झालं नाही तेवढं मी आज एका दिवसात केलं.

हेच ते वाक्य. कर्लीच्या दृष्टीने ती नेहमीची टाळीची ओळ. पण हाइन्स हा १९२० पासून पालिकेत राबलेला, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. राज्याने दिलेलं काम त्याने निमूट केलं आणि खुर्ची परत केली. अशा माणसाच्या कामाची चारचौघांत खिल्ली उडवली तर तो विसरत नाही. प्रशासनात वर्षानुवर्षं काढलेली माणसं मी निवडणुकीला उभी राहताना पाहिली आहेत. ती महत्त्वाकांक्षेने क्वचित उभी राहतात. पक्की नोकरी पणाला लावायला कुठेतरी जिव्हारी लागावं लागतं. त्या वाक्याचं महत्त्व मी एवढंच मानतो. बोस्टनच्या सामान्य मतदाराला दोन वर्षांनी ते आठवत होतं म्हणून त्याने मत फिरवलं, यावर माझा विश्वास नाही.

आता हाइन्स 'सोयीचा' का? कारण तो आयरिश, कॅथलिक, गरीब घरातला. कर्लीची सगळी हयात बीकन हिलवरच्या जुन्या धनिक यांकींना, म्हणजे इंग्रज वंशाच्या प्रोटेस्टंट घराण्यांना, शिव्या घालण्यात गेली. समोर कोट-टोपीवाला यांकी असला की कर्ली अर्धी लढाई सभेतच जिंकायचा. हाइन्सला ते लागू होईना. याला 'बाहेरचा' म्हणता येईना, 'गरिबांचा वैरी' म्हणता येईना. दुसरीकडे रिपब्लिकन व्यापारी, बँकावाले, बॅक बे या श्रीमंत भागाचे रहिवासी यांनाही हा चालत होता, कारण हिशेबाचा स्वच्छ. आमच्या भाषेत सांगायचं तर समोरच्याच्या घरातला उमेदवार मिळाला होता. त्याच्यामागे संघटना म्हणावी अशी नव्हती. जेरोम रॅपापोर्ट नावाच्या हार्वर्डच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांचा गट बांधला. युद्धावरून परतलेले तरुण आले, बायका आल्या. पहिलीच निवडणूक लढणारी असली पोरं अनुभवी कार्यकर्त्यांना डोकेदुखी वाटतात. पण मतदार यादी घेऊन एकेक दार वाजवण्याचा कंटाळा त्यांनाच येत नाही.

आता आकडे, कारण खरी गंमत यांतच आहे. मतदान ८ नोव्हेंबर १९४९ ला झालं. हाइन्सला सुमारे १,३८,००० मतं, कर्लीला सुमारे १,२६,०००. फरक बारा हजारांच्या आसपास. तिसरा पॅट्रिक मॅकडोना, गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातला, त्याला साधारण बावीस हजार. बाकी दोघे किरकोळ.

कर्लीच्या आकड्याकडे नीट बघा. १,२६,०००. दहा निवडणुकांतलं हे त्याचं सगळ्यात मोठं मतदान! १९४५ ला जिंकला तेव्हापेक्षा चौदा हजार जास्त. म्हणजे तुरुंगात जाऊन आलेला, पंचाहत्तरीला टेकलेला हा गडी आयुष्यातली सर्वाधिक मतं घेऊन हरला. 'कर्लीची जादू ओसरली', 'रूझवेल्टच्या सरकारी योजनांनी लोकांना नेत्याच्या दाराची गरज उरली नाही' ही पुस्तकी कारणं मला म्हणूनच पुरती पटत नाहीत. गरज उरली नसती तर मत घटलं असतं. त्याची हक्काची मतं जागच्या जागी होती, वर थोडी वाढली.

वाढलं ते बाकीचं शहर. १९४५ ला एकूण मतदान अडीच लाखांच्या आत होतं, १९४९ ला ते तीन लाखांना भिडलं. साधारण पन्नास हजार मतं नव्याने पेटीत पडली आणि कर्लीची वाढ मात्र चौदा हजार. चार वर्षांपूर्वी जे घरी बसले होते ते या वेळी बाहेर आले आणि बहुतांशी दुसरीकडे गेले. रॉक्सबरी, साउथ बोस्टनमधून थोडं बरं उत्पन्न झाल्यावर डॉर्चेस्टर, वेस्ट रॉक्सबरीकडे सरकलेली आयरिश कुटुंबं यात मोठ्या संख्येने असणार. स्वतःचं छोटं घर झालं की कराची पावती हातात येते, आणि ती पावती घेऊन माणूस पालिकेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

आता मॅकडोना. त्याची मतं फरकापेक्षा जास्त, म्हणून 'मॅकडोनाने कर्लीला पाडलं' असं कोणीतरी म्हणणारच. आपल्याकडे प्रत्येक मतमोजणीनंतर बंडखोराच्या नावाने हेच म्हणतात. करून बघू हिशेब. मॅकडोना नसता आणि त्याचे सगळे बावीस हजार मतदार तरी आले असते, तर कर्लीला जिंकायला त्यातले किती हवे होते? बारा हजारांची पिछाडी भरून निघायला हवी आणि उरलेले हाइन्सला गेले तरी पुढे राहायला हवं. म्हणजे सतरा हजार कर्लीला, पाच हजार हाइन्सला. चारांतले तीन मतदार घेऊनही कर्ली हरतो, त्याहून थोडे जास्त लागतात. मॅकडोनाचा मतदार बराचसा आयरिश डेमोक्रॅट, हे मान्य. पण जो माणूस कर्लीसारखा उमेदवार समोर असताना तिसऱ्याला मत देतो, तो कर्लीला कंटाळलेला असण्याचीच शक्यता जास्त. त्यातले निम्म्याहून जास्त कर्लीकडे वळले असते, हे मी मानतो. चारांत तीन? अवघड. बंडखोरावर खापर फोडण्याआधी हे गणित कागदावर मांडत जा. दहापैकी सात वेळा खापर चुकीच्या डोक्यावर असतं.

शेवटच्या उमेदवाराबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही बोस्टनबद्दल वाचाल तर तो भेटेलच. प्रोग्रेसिव्ह पक्षाचा वॉल्टर ओब्रायन. मतं जेमतेम एक टक्का. शहराची रेल्वे-ट्रॅम सेवा १९४७ मध्ये सार्वजनिक मालकीची झाली होती आणि तिने भाडं वाढवलं होतं. काही मार्गांवर तर उतरताना वरचे पाच सेंट मोजावे लागत. ओब्रायनकडे रेडिओला द्यायला पैसे नव्हते. मग त्याच्यासाठी प्रचारगीतं तयार झाली आणि भोंगा लावलेल्या ट्रकवरून ती शहरभर वाजली. त्यातलं एक होतं उतरायचे पाच सेंट खिशात नसल्यामुळे कायम गाडीतच अडकलेल्या प्रवाशाचं. शांतताभंगाबद्दल ओब्रायनला दहा डॉलर दंड झाला असं सांगतात. दहा वर्षांनी ते गाणं अमेरिकाभर गाजलं, पण कम्युनिस्टविरोधी वातावरणात उमेदवाराचं खरं नाव घेणं नको म्हणून ते बदललं गेलं. आज बोस्टनच्या मेट्रोचं प्रवासकार्ड त्या अडकलेल्या प्रवाशाच्याच नावाचं आहे. निवडणुकीत एक टक्का आणि शहराच्या खिशात कायमची जागा. प्रचारप्रमुखांनी हेवा करावा असा हिशेब.

विद्यार्थी मंडळी हमखास सोडून देतात ती गोष्ट वेगळीच आहे. त्याच ८ नोव्हेंबरला मतदारांनी शहराची नवी सनदही मंजूर केली. वॉर्डनिहाय बावीस सदस्यांची परिषद जाऊन पूर्ण शहरातून निवडलेले नऊ सदस्य आले, महापौर अधिक बळकट झाला. आणि यापुढे महापौरपदासाठी दोन फेऱ्या: आधी प्राथमिक, मग त्यातल्या पहिल्या दोघांतच अंतिम लढत. १९४५ सारखं ४५ टक्क्यांवर, विरोधकांच्या भाऊगर्दीतून निसटून जिंकण्याची वाट त्या दिवशी कायदेशीररीत्या बंद झाली. कर्लीचा पराभव उलटू शकला असता. हा नियम उलटणारा नव्हता. १९५१ ला तो पुन्हा उभा राहिला, प्राथमिक फेरीत दुसरा आला आणि अंतिम लढतीत हाइन्सने त्याला मोठ्या फरकाने लोळवलं. १९५५ ला तर तो प्राथमिक फेरीतच गळला. आपल्याकडे मोठ्या शहरांचा महापौर नगरसेवक निवडतात, थेट निवडला जातो तो नगराध्यक्ष, तोही एकाच फेरीत. त्यामुळे 'विरोधी मतं किती ठिकाणी फुटली' हा १९४५ चा प्रश्न आपल्या नगरपरिषदांत जसाच्या तसा जिवंत आहे.

हाइन्सला संत करू नका, एवढं मात्र सांगतो. दहा वर्षं तो महापौर राहिला आणि 'नवं बोस्टन' या नावाखाली वेस्ट एंडसारखी गजबजलेली गरीब वस्ती त्याच्या कारकिर्दीच्या शेवटी बुलडोझरखाली गेली. हजारो कुटुंबं उठली. तिथे उंच, महागडी घरं बांधण्याचं काम मिळवणाऱ्यांत १९४९ चा तो विद्यार्थी नेता रॅपापोर्टही होता. कर्लीच्या काळात ज्यांना दारात जाऊन काहीतरी मागता येत होतं, त्यांच्यातल्या अनेकांना आता राहतं घर सोडा अशी नोटीस मिळाली. १९५० ला शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती, १९६० ला ती सात लाखांच्या खाली आली. कर्ली हे सगळं पुरतं पाहायला राहिला नाही, नोव्हेंबर १९५८ मध्ये गेला.

तुमच्या प्रकल्पासाठी सुचवतो: वाक्याच्या मागे फार लागू नका. १९४५ आणि १९४९ चे बावीसही वॉर्डांचे आकडे मिळवा आणि शेजारी-शेजारी मांडा. कोण कुठे पुढे होतं याआधी प्रत्येक वॉर्डात एकूण मतदान किती वाढलं तो रकाना काढा, मग त्या वाढीतला कर्लीचा वाटा. जिथे मतदान जेमतेम वाढलं आणि तरी कर्ली घसरला, असे वॉर्ड सापडले तर माझं म्हणणं तेवढ्यापुरतं खोडून काढा आणि प्रकल्पात तसं स्पष्ट लिहा.